बोगमाळोच्या संग्रहालयातलं सी किंग: पाणबुडी शोधणारं हेलिकॉप्टर सैनिक कसं नेऊ लागलं?

साखळीची_बाई

नमस्कार मंडळी. मी डिचोली तालुक्यातल्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या महिन्यात नववीच्या मुलांना बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात नेलं होतं. मला वाटलं होतं, मुलं त्या भल्यामोठ्या सुपर कॉन्स्टेलेशन विमानापाशी रमतील. पण सगळा घोळका सी किंग हेलिकॉप्टरपाशी जो अडकला तो हलेचना.

एका मुलीने विचारलं, बाई, ह्याचं पोट होडीसारखं का? पाण्यावर उतरता यावं म्हणून, असं मी सांगितलं. लगेच दुसरा म्हणाला, मग हे रोज पाण्यातच उतरायचं का? तिसऱ्याचे वडील बरोबर आले होते. ते म्हणाले की ह्याच जातीच्या हेलिकॉप्टरमधून नौदलाचे कमांडो दोरावरून खाली उतरतात. त्यावर मुलांनी मला घेरलंच. पाणबुडी शोधायची आणि सैनिकही न्यायचे, दोन्ही कामं एकच यंत्र कसं करतं?

शाळेचं विज्ञान प्रदर्शन जवळ आलंय आणि मुलांनी हाच विषय धरून ठेवलाय. शोधलं की लांबी, रुंदी, वेग ह्यांची जंत्री मिळते, पण त्यातून मुलांच्या प्रश्नाचं उत्तर निघत नाही. मला दोनच गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत. मूळ पाणबुडीविरोधी यंत्राचं वाहतुकीचं यंत्र कसं झालं, आणि ते आपल्याकडे इतकी वर्षं कसं टिकलं? वास्को-दाबोळी भागात नौदलातून निवृत्त झालेले पुष्कळ लोक आहेत, म्हणून इथे विचारते आहे.


जुना_आर्टिफिसर

बाई, नमस्कार. मी मूळचा पेडण्याचा, आता वास्कोत स्थायिक. नौदलात एअर आर्टिफिसर, म्हणजे विमानं-हेलिकॉप्टरं दुरुस्त करणारा तंत्रज्ञ होतो. कोचीला आणि मुंबईला सी किंगच्या इंजिन-गिअरबॉक्सवर काम केलं. मी पायलट नाही. उड्डाण झाल्यावर शिडी लावून वर चढणाऱ्यांतला मी. तेव्हा सांगेन ते त्या बाजूने. तुमच्या मुलांनी प्रश्न फार चांगले विचारलेत, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी पोटाचं. होडीसारखं पोट रोज पाण्यात उतरायला नव्हतं, ते अडीअडचणीला होतं. पाणबुडी शोधताना हे हेलिकॉप्टर समुद्रावर अगदी कमी उंचीवर एका जागी थांबायचं आणि केबलने सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाणबुडी हुडकणारं यंत्र, पाण्यात सोडायचं. रात्रीच्या काळोखात, खाली लाटा, आजूबाजूला कसलीही खूण नाही. अशा वेळी काही बिघडलं तर खाली पाणीच असतं. म्हणून तळ होडीचा आणि दोन्ही बाजूंना ते फुगीर डबे. त्या डब्यांत चाकं आत घेतात आणि फुगणाऱ्या पिशव्याही तिथेच असतात. तरीसुद्धा खवळलेल्या समुद्रात हेलिकॉप्टर फार वेळ सरळ राहत नाही, कारण इंजिनं, गिअरबॉक्स, रोटर असं सगळं जड सामान डोक्यावर. ते उलटतं. म्हणूनच वैमानिकांना पाण्यात उलट्या झालेल्या केबिनमधून बाहेर पडण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं.

आता मुख्य प्रश्न. त्याचं उत्तर इंजिन कुठे बसवलंय ह्यात आहे.

सी किंगच्या आधीची हेलिकॉप्टरं पिस्टन इंजिनाची होती. ते इंजिन इतकं जड की ते नाकात बसवायचे आणि पायलट त्याच्या वर, माडीवर बसल्यासारखा. ताकद एवढी तुटपुंजी की अमेरिकन नौदलाला पाणबुडीमागे हेलिकॉप्टरांची जोडी पाठवावी लागे. एकाने सोनार घेऊन शोधायचं, दुसऱ्याने टॉर्पेडो घेऊन मारायचं. मग टर्बाइन इंजिन आलं. वजनाला हलकं, ताकदीला दांडगं. सिकोर्स्कीने दोन टर्बाइन थेट छपरावर, गिअरबॉक्सच्या पुढे बसवली. ११ मार्च १९५९ ला हे यंत्र पहिल्यांदा उडालं आणि १९६१ मध्ये अमेरिकन नौदलात आलं. शोधणारा आणि मारणारा एकच झाला.

पण इंजिनं वर गेल्यामुळे आणखी एक गोष्ट घडली. कॉकपिटच्या मागे एक लांबलचक, सपाट फरशीची खोली मोकळी झाली. पाणबुडीविरोधी कामात तिथे सोनार, त्याची केबल, ते ओढणारं यंत्र आणि ऑपरेटरच्या खुर्च्या. हे सगळं काढा, दोन्ही भिंतींना बाकं लावा, उजवीकडचा मोठा सरकता दरवाजा उघडा, झालं वाहतुकीचं हेलिकॉप्टर. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना व्हाइट हाउसच्या हिरवळीवरून घेऊन जाणारं हिरवं-पांढरं हेलिकॉप्टर मुलांनी टीव्हीवर पाहिलं असेल. ते बरीच वर्षं ह्याच कुळातलं होतं. सोनारच्या जागी सोफे, एवढाच काय तो फरक.

आपली सी किंग मात्र अमेरिकन नव्हेत, ब्रिटिश. वेस्टलँड कंपनीने परवाना घेतला, आत रोल्स-रॉइसची नोम इंजिनं आणि स्वतःची यंत्रणा बसवली. त्यांचं पहिलं सी किंग ७ मे १९६९ ला उडालं. भारताने ती अगदी सुरुवातीला घेतली. १७ एप्रिल १९७१ ला कोचीला आयएनएएस ३३० हे पथक उभं राहिलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात युद्ध लागलं. आपली युद्धनौका खुक्री बुडाल्यावर पाकिस्तानी पाणबुडीचा जो शोध सुरू झाला त्यात ही नवी कोरी सी किंग होती.

सैनिक नेणारी आवृत्ती वेस्टलँडने पुढे स्वतंत्र काढली. आधी इजिप्तसाठी ‘कमांडो’, मग १९७९ मध्ये ब्रिटिश नौदलासाठी एचसी४. ह्यात बाजूचे फुगीर डबे काढून टाकले, चाकं आत घेण्याची यंत्रणा काढली, साधी पक्की चाकं लावली. जेवढं वजन वाचलं तेवढे जवान वाढले. बसायची सोय २८ जणांची. १९८२ च्या फॉकलंड युद्धात २५ मे रोजी अर्जेंटिनाच्या क्षेपणास्त्राने अटलांटिक कन्व्हेयर हे मालवाहू जहाज पेटलं आणि त्यावरची तीन मोठी चिनुक हेलिकॉप्टरं बुडाली. मग तोफा, दारूगोळा, जखमी असा सगळा भार मुख्यतः सी किंगवर आला. ब्रिटिश सैनिक बेटाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पाठीवर ओझं घेऊन चालत गेले ते त्यामुळेच.

आपल्या नौदलाने १९८० च्या दशकात नवीन तुकडी घेतली. पाणबुडीविरोधी ती ४२बी आणि सैनिक-सामान वाहणारी ४२सी. ४२सी फक्त ६ घेतली. मुलाचे वडील म्हणाले ते हेच. नौदल दिनाला कमांडो ज्यातून दोरावरून सरसर खाली येतात, ज्याला आम्ही स्लिदरिंग म्हणतो, ते बहुधा ४२सी असतं.

मुलांना एक मात्र जरूर सांगा. २८ हा आकडा कागदावरचा. मे महिन्यातली आपल्याकडची दुपार घ्या. हवा तापलेली, म्हणजे विरळ. विरळ हवेत पात्यांना पकड कमी आणि इंजिनाचीही ताकद उतरते. टाकी भरलेली असली आणि प्रत्येक जवानाच्या पाठीवर शस्त्र, दारूगोळा, पाणी असलं की तोच आकडा झपाट्याने खाली येतो. लांब जायचं तर इंधन जास्त, इंधन जास्त तर माणसं कमी. हे गणित प्रत्येक उड्डाणाआधी नव्याने मांडावं लागतं. वाहतूक हेलिकॉप्टरची खरी परीक्षा ह्या गणितात असते.

टिकलं कसं, ते रात्री लिहितो. तो विषय माझ्या जिवाजवळचा आहे आणि घाईत उरकायचा नाही.


पर्वरीकर

आर्टिफिसर साहेब, छान लिहिलंत. मी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांवर होतो, म्हणून बाईंसाठी दुसरी बाजू जोडतो.

इंजिन छपरावर नेण्याची गोष्ट रशियातही त्याच सुमारास घडली. आपल्या हवाई दलाकडे एमआय-४ होती. त्यांच्या नाकात १४ सिलिंडरचं पिस्टन इंजिन. मिखाईल मिल ह्यांच्या कार्यालयाने त्याचाच पुढचा अवतार म्हणून एमआय-८ काढलं. १९६१ च्या पहिल्या नमुन्यात एकच टर्बाइन होतं, १९६२ पासून दोन. पुढे जास्त ताकदीची इंजिनं टाकून एमआय-१७ झालं. दोन्ही शेजारी उभी असली तर शेपटीचा पंखा बघायचा. मूळ एमआय-८ चा उजवीकडे, एमआय-१७ चा डावीकडे.

आपल्याकडे एमआय-१७ चा नवा प्रकार व्ही५ हा २०११ पासून येऊ लागला, एकूण १५१. कमाल वजन १३ टन, आत ४ टन माल, मागे उतरता रॅम्प, त्यामुळे लहान गाडीसुद्धा आत चढते. कारगिलला २८ मे १९९९ ला तोलोलिंगजवळ आमचं एमआय-१७ क्षेपणास्त्राने पाडलं गेलं आणि चौघे गेले. २०१३ ला उत्तराखंडात ढगफुटीनंतर व्ही५ ने दिवसरात्र माणसं काढली. तिथेही २५ जूनला गौरीकुंडजवळ एक कोसळलं आणि २० जण गेले. वाहतूक हेलिकॉप्टरवाल्यांची नावं वर्तमानपत्रात एक दिवस येतात आणि मग कुणाच्या लक्षात राहत नाहीत. मुलांच्या तक्त्यावर ह्या दोन तारखा जरूर लिहा, ही विनंती.

माझं एक मत स्पष्ट सांगतो. सी किंग नौदलाने फार ताणलं. पन्नास वर्षं एकच जात वापरायची, हे त्यातल्या माणसांवर अन्याय करणारं आहे. वाहतुकीसाठी तरी सरळ एमआय-१७ घ्यायला हवी होती. दणकट, स्वस्त, आणि भाग मिळायला सोपे.


जुना_आर्टिफिसर

पर्वरीकर साहेब, त्या दोन तारखा मुलांनी लिहाव्यात हे तुम्ही सुचवलंत ते फार बरं केलंत.

पण एमआय-१७ नौदलासाठी नाही चाललं असतं. त्याच्या रोटरचा व्यास २१ मीटरच्या वर आणि पाती दुमडत नाहीत. जहाजावरच्या हँगरच्या दारातून ते आत जाणारच नाही. डेकवर उघड्यावर ठेवायचं तर पावसाळ्यातला अरबी समुद्र ते ठेवू देणार नाही. सी किंगची पाचही पाती हायड्रॉलिकच्या जोरावर मागे दुमडून पाठीवर येतात आणि शेपटीचा शेवटचा भाग बाजूला वळवून ठेवता येतो. त्यामुळे १८.९ मीटरचा रोटर असूनही ते मोठ्या फ्रिगेटच्या, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकेच्या, हँगरात मावतं. रशियनांनीही एमआय-८ ला होडीचं पोट लावून एमआय-१४ काढलं होतं, पण ते किनाऱ्यावरच्या तळावरूनच उडायचं. जहाजासाठी त्यांनी कामोव्ह वापरली, एकावर एक दोन रोटर असलेली. बोगमाळोला कामोव्ह-२५ आहे, मुलांनी पाहिलं असेल. त्याला शेपटीचा पंखाच नाही, म्हणून ते लांबीला एवढं आखूड.

ताणलं म्हणता, ते खरं आहे. बदली यंत्रासाठी निविदा निघाल्या, निवड झाली, रद्दही झाली. त्यात वर्षंच्या वर्षं गेली. पण ती वर्षं कशी काढली ते सांगतो, कारण बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे.

समुद्रावरून हेलिकॉप्टर परत आलं की आधी त्याला गोड्या पाण्याची आंघोळ. अंगाला आणि इंजिनाच्या पोटातही. कमी उंचीवर थांबलेलं सी किंग स्वतःच्या वाऱ्याने समुद्राचे तुषार वर उडवतं आणि तेच मिठाचं पाणी इंजिनं आत ओढतात. इंजिनात हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरच्या बारीक बारीक पात्यांवर मिठाचा थर बसतो. डोळ्याला दिसतही नाही, पण इंजिनाची ताकद उतरते आणि तापमान चढतं. म्हणून इंजिन नुसतं फिरवत ठेवून आत गोडं पाणी सोडायचं. रात्रीचे दोन वाजोत की पाऊस कोसळो, हे टाळता येत नाही. आज टाळलं तर गंज उद्या दिसत नाही, सहा महिन्यांनी दिसतो, आणि तोवर तो भाग फेकायच्या लायकीचा झालेला असतो.

मग पाती. जुन्या सी किंगची धातूची पाती आतून पोकळ आणि त्या पोकळीत दाबाखाली नायट्रोजन भरलेला. पात्याच्या मुळाशी एक छोटा निर्देशक. पात्याला केसाएवढी जरी भेग पडली तरी वायू निसटतो, दाब उतरतो आणि निर्देशकाचा रंग बदलतो. त्यामुळे उड्डाणाआधी पाचही पात्यांचे रंग बघणं हे आमच्यासाठी देवाला हात जोडण्याइतकंच नेमाचं काम होतं. पुढे ४२बी ला कॉम्पोझिट पाती आली. ती गंजत नाहीत आणि भेगही झपाट्याने पसरत नाही.

आणि गिअरबॉक्स. माझा खरा जीव तिथे. हेलिकॉप्टरला दोन इंजिनं असतात, एक बंद पडलं तर दुसरं सांभाळून घेतं. मुख्य गिअरबॉक्स एकच असतो. तो गेला तर सगळं गेलं. त्याच्या तेलाच्या वाटेवर एक चुंबकाचा प्लग असतो, चिप डिटेक्टर. आत कुठे दात झिजला, बेअरिंग सोलवटलं, की लोखंडाचे कण तेलातून वाहत येतात आणि ह्या चुंबकाला चिकटतात. पुरेसे चिकटले की कॉकपिटमध्ये दिवा लागतो. पण दिवा लागायची वाट बघायची नसते. ठरलेल्या तासांनी प्लग काढायचा, पांढऱ्या फडक्यावर पुसायचा आणि भिंगाखाली बघायचं. काळसर मऊ गाळ असेल तर ती रोजची झीज, तिचं काही नाही. पण चकाकणारी, कडेला धारदार अशी एक जरी खपली दिसली तर हेलिकॉप्टर जमिनीवर. वर कितीही मोठा अधिकारी घाई करत असो. त्या फडक्याकडे बघून सही करणाऱ्याच्या सहीवर पुढच्या उड्डाणातली सगळी माणसं बसलेली असतात. आमच्या वरिष्ठांनी पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं आणि मी माझ्या हाताखालच्या पोरांना हेच सांगत आलो.

आता सगळ्यात कठीण काळ. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि अमेरिकेने निर्बंध लावले. आमची हेलिकॉप्टरं ब्रिटिश, मग अमेरिकेचा काय संबंध, असं पुष्कळांना वाटलं. पण मूळ आराखडा सिकोर्स्कीचा, नोम इंजिन हे जनरल इलेक्ट्रिकच्या टी५८ चं परवान्यावर केलेलं रूप, आणि आतले कितीतरी भाग अमेरिकन. ते आपल्याला द्यायचे तर ब्रिटनलाही अमेरिकेची परवानगी लागे. भाग येणं थांबलं, दुरुस्तीला तिकडे गेलेली सामग्री तिकडेच अडकली. एक हेलिकॉप्टर उडतं ठेवायचं तर दुसऱ्याच्या अंगातले भाग काढायचे. हँगरमध्ये धड उभं असलेलं यंत्र आपल्याच हाताने उघडून रिकामं करताना काय वाटतं, ते करणाऱ्यालाच माहीत. त्याच काळात कारगिल झालं आणि नौदल समुद्रावर सज्ज उभं होतं. सील, होज, ब्रॅकेट असे छोटे छोटे भाग इथेच करून घेतले, तपासले, पुन्हा तपासले. सप्टेंबर २००१ मध्ये निर्बंध उठले, पण आटलेला पुरवठा पूर्ववत व्हायला पुढेही वेळ लागला.

पर्वरीकर साहेब, एमआय-१७ चे भाग मिळायला सोपे म्हणालात. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर रशियन यंत्रांच्या भागांसाठी काय धावपळ झाली ते तुम्हीच मला सांगाल. दोष ब्रिटिश, रशियन किंवा अमेरिकन असण्यात नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स आपल्या घरी होत नाही तोवर हेलिकॉप्टर आपलं असूनही ते उडेल की नाही हे दुसऱ्या देशात ठरतं. विकत घेताना सगळे वेग आणि वजन विचारतात. मी म्हणतो, आधी विचारा की गिअरबॉक्स कुठे उघडणार.


चिखलीकरीण

मी नौदलातली नाही, पण चिखलीला राहते, त्यामुळे विमानांच्या आवाजातच दिवस उगवतो. आमच्याकडे पोरंसुद्धा वर न बघता आवाजावरून सांगतात काय उडतंय ते.

आर्टिफिसर काकांनी सी किंगच्या मदतकार्याबद्दल काही लिहिलं नाही म्हणून लिहिते. मे २०२१ च्या तौक्ते वादळाने इथे झाडं पडली, दिवस दिवस वीज नव्हती, ते आम्ही सगळ्यांनी भोगलं. तेच वादळ वर सरकल्यावर मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा बार्ज बुडाला. त्या समुद्रात शोधाला आणि माणसं उचलायला नौदलाच्या बोटींबरोबर सी किंग होती. त्याआधी ऑगस्ट २०१८ च्या केरळच्या पुरात एका सी किंगने घराच्या छपरावर तरंगत राहून २६ जणांना वर घेतलं. आजूबाजूला झाडं, खाली घराचं छप्पर, आणि एवढं मोठं यंत्र हललं तर खालचं घरच कोसळायचं.

बाई, मुलांना हेही सांगा की दाबोळी म्हणजे फक्त प्रवासी विमानतळ नव्हे. आयएनएस हंसा हा नौदलाचा हवाई तळ १९६४ पासून इथे आहे. आणि सी किंगची जागा घ्यायला आलेल्या एमएच-६०आर हेलिकॉप्टरांचं पहिलं पथक मार्च २०२४ मध्ये कोचीला झालं, तर दुसरं डिसेंबर २०२५ मध्ये इथे हंसावर. त्यामुळे आमच्या पोरांना आता नवीन आवाज ओळखायला शिकावं लागतंय.


पर्वरीकर

आर्टिफिसर साहेब, जहाजाच्या हँगरचा मुद्दा मान्य. नव्वदच्या दशकातल्या रशियन भागांबद्दलही तुमचं म्हणणं मान्य. कारखाने एका देशात, करार दुसऱ्याशी आणि कागद तिसऱ्या कार्यालयात, अशी अवस्था होती. पण चिखलीच्या ताईंनी लिहिलेल्या एमएच-६०आर बद्दल विचारतो. ती मुख्यतः पाणबुडीमागची यंत्रं. मग नौदलाचे सैनिक कशातून जाणार? २००७ मध्ये जलाश्व जहाजाबरोबर अमेरिकेकडून जी यूएच-३एच हेलिकॉप्टरं घेतली होती तीही निवृत्त झाली ना?


जुना_आर्टिफिसर

झाली. २८ जून २०२४ ला विशाखापट्टणमला. ती ६ होती, सी किंगच्याच कुळातली, पण अमेरिकन बांधणीची, आणि सतरा वर्षं चांगली राबली. वादळं, बेटांवरची मदत, जहाजावरून किनाऱ्यावर सैनिक उतरवणं, सगळं केलं. आणि त्यांच्या त्या ३५० पथकात त्यांच्या जागी काय आलं माहीत आहे? आमची ४२सी. ब्रिटिशांनी आपली एचसी४ मार्च २०१६ मध्ये आणि शेवटची सी किंग सप्टेंबर २०१८ मध्ये निवृत्त केली. आपल्या ४२सी चं काम त्यानंतरही चालूच राहिलं. हे मी अभिमानानेच सांगतो, पण त्या अभिमानावर पुढचा वाहतुकीचा ताफा उभा राहणार नाही, हेही मला कळतं. तुमचा प्रश्न रास्त आहे.

एचएएल ही आपली सरकारी विमान कंपनी सुमारे १३ टनांचं हेलिकॉप्टर तयार करते आहे आणि त्याची जहाजावरून उडणारी, पाती दुमडणारी आवृत्तीही आराखड्यात आहे. त्याचं इंजिन एचएएल आणि फ्रान्सची साफ्रान मिळून करताहेत, नाव अरवली. माझं सगळं लक्ष त्या इंजिनाकडे आहे. बाईंसाठी सांगतो, ह्याच दोघांच्या भागीदारीतलं हेलिकॉप्टर इंजिनांच्या दुरुस्तीचं केंद्र तुमच्या शेजारी सत्तरीत आहे. ध्रुव हेलिकॉप्टरच्या शक्ती इंजिनाची देखभाल हे त्याचं काम. आमच्या वेळी पेडण्याच्या पोराला टर्बाइन उघडून बघायला कोची गाठावी लागायची.


साखळीची_बाई

काका, पर्वरीकर साहेब, चिखलीच्या ताई, तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. काल सगळं वर्गात वाचून दाखवलं. चुंबक आणि फडक्याचा भाग मुलांनी दोनदा वाचायला लावला. मुलीच्या होडीच्या प्रश्नाचं उत्तर आता तीच दुसऱ्यांना समजावते आहे.

आता प्रदर्शनात नुसता तक्ता लावायचा नाही, चालतं काहीतरी दाखवायचं असं मुलांचं ठरलंय. चिप डिटेक्टर आणि पात्यातला नायट्रोजन, ह्यातलं शाळेत काय करता येईल? आमच्या प्रयोगशाळेत फार सामान नाही.


जुना_आर्टिफिसर

दोन्ही करता येतील, आणि खर्च नगण्य.

चिप डिटेक्टरसाठी पारदर्शक प्लास्टिकची नळी घ्या. साखळीच्या बाजारात नळाच्या सामानाच्या दुकानात मिळते. माशांच्या टाकीचा छोटा पंप तेल ओढणार नाही, त्यामुळे तेल वरच्या बाटलीतून खालच्या बाटलीत आपल्या वजनाने वाहू द्या. तेल पातळ घ्या, शिवणयंत्राचं चालेल. दोन बाटल्यांच्या मधे नळीच्या बुडाला बाहेरून चांगला जोरदार चुंबक चिकटवा, जुन्या स्पीकरचा असतो तसा. वरच्या तेलात लोहाराकडचा किंवा वर्कशॉपमधला लोखंडाचा कीस चिमूटभर टाका. कण चुंबकापाशी येऊन थांबताना मुलांना डोळ्यांनी दिसतील. आत दोन उघड्या तारांची टोकं अगदी जवळ ठेवलीत आणि कणांनी त्यांच्यात पूल बांधला तर बॅटरीवरचा एलईडी लागेल. खऱ्या यंत्रात दिवा असाच लागतो. तारा आत घालायची भोकं एम-सीलने बुजवा, नाहीतर टेबलभर तेल होईल. तसाच एक चमचा पितळेचा कीस टाकून बघायला सांगा. चुंबक तो पकडत नाही. मग मुलंच विचारतील की पितळेचा भाग झिजला तर कसं कळणार. उत्तर असं की त्यासाठी तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून त्यात कुठला धातू किती आहे ते तपासतात.

पात्यासाठी प्लास्टिकचा पाइप घ्या, दोन्ही तोंडं टोपण लावून बंद करा, एका टोकाला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आणि दुसऱ्या टोकाला टायरवाल्याकडचा जुना दाबमापक. हातपंपाने थोडीच हवा भरा आणि मोठ्या माणसाने जवळ राहा. मग आधीच पाडून ठेवलेल्या सुईच्या भोकावरची चिकटपट्टी काढा. भोक दिसत नाही, आवाजही येत नाही, पण काटा हळूहळू खाली येतो.

शनिवारी मी साखळीला येऊ शकतो. माझ्याकडे जुने, वापरून बाद झालेले दोन-तीन बेअरिंग आहेत, मोटारीचे, त्यातल्या एकाला खपली पडलेली आहे. भिंग तुमच्या प्रयोगशाळेत असेलच. आणि मुलांना कामोव्ह आणि सी किंग शेजारी ठेवून पुन्हा बघायचं असेल तर सोमवार सोडून जा, संग्रहालय सोमवारी बंद असतं.